चर्च लाल बरं की पांढरं?

प्रश्न : काका, नातवंडांना घेऊन तळावलीचं सांतानाचं चर्च बघून आले. पांढरंफेक! जुन्या गोव्याचं बॉम जेझू कसं लाल चिऱ्यात, जांभ्या दगडात, जुनंपुराणं वाटतं. इथे चुना कशाला फासला? आणि भिंती आतून पोकळ आहेत म्हणतात, ते खरं का?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : आधी पत्ता सांगतो, नाहीतर कुणी दुर्भाटजवळच्या तळावलीत चर्च शोधत बसेल. हे तिसवाडीतलं, गोवा वेल्ह्याच्या बाजूचं. 1695 मध्ये पुरं झालेलं, दोन बुरुजांचं. शेतामाडांत एवढी मोठी, बारोक या जुन्या युरोपी शैलीतली इमारत बघून मी पहिल्यांदा स्कूटर थांबवूनच उभा राहिलो होतो.

पोकळीचं म्हणाल तर जाड भिंतींच्या पोटातून अरुंद वाटा आहेत. पाद्रींपुढे पापाची कबुली द्यायला गुपचूप जाता यावं म्हणून, असं सांगतात.

लाल रंगाबद्दल मात्र तुमची समजूत उलटी आहे, बाई. बॉम जेझूलाही गिलावा होता. गेल्या शतकात, पोर्तुगीज असतानाच, तो उतरवला. चिरा खाणीतून काढताना मऊ असतो, वारा लागला की कडक होतो, पण त्याची भोकं बुजत नाहीत. वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पडणारा आमचा पाऊस तो पीत राहतो. चुन्याचा गिलावा हे त्याचं कातडं. पावसाआधी चुना लावायचा, कौलं चाळायची, पिंपळाचं रोप बोटभर असतानाच उपटायचं. हे चुकलं की इमारत खचायला शंभर वर्षं लागत नाहीत. जुन्या गोव्यातला ऑगस्तिनियन साधूंचा मठ 1835 मध्ये रिकामा झाला आणि 1842 मध्ये चर्चचं छत खाली आलं. दर्शनी भिंत 1931 ला गेली. सांतानाची पडझडही अशीच वाढत गेली. दुरुस्ती झाली ती फार उशिरा.

मी स्वतः एका कपेलाला (छोट्या प्रार्थनाघराला), मजबूत म्हणून, सिमेंटचा गिलावा दिला होता. तिसऱ्या पावसात तो पोपड्यासारखा सुटला. मागे चिऱ्याचा ओला भुगा. आत शिरलेलं पाणी चुन्यातून सुकून जातं, सिमेंटमागे कोंडतं. पाद्री काही बोलले नाहीत, पण मिस्त्री आठवडाभर माझ्याकडे बघून हसत होता.

जुलैअखेरीस सांतानाच्या तवशांच्या (काकड्यांच्या) फेस्ताला परत जा. पावसात भिंतीचा तळ बघा. कुठे फुगवटा दिसला तर कळवा.