रोटाव्हायरसच्या जुलाबात साखर का चालते?

तुमची मुलगी दीड वर्षाची, रोटाव्हायरसचे जुलाब सुरू आहेत. सासूबाई म्हणतात गोडाने जुलाब वाढतात, मग ओआरएसमध्ये (जुलाबात पाजायच्या मीठ-साखरेच्या पाण्यात) साखर कशाला, असं तुम्ही विचारलंय. सासूबाईंचं म्हणणं खोटं नाही, सगळा प्रश्न प्रमाणाचा आहे.

हा विषाणू लहान आतड्यातल्या अंकुरांच्या (आतल्या बाजूच्या बारीक बोटांसारख्या उंचवट्यांच्या) टोकाच्या पेशी मारतो. मीठ-पाणी शोषून घेण्याचं काम याच पेशींचं. त्यात विषाणूचं एनएसपी-4 हे प्रथिन आतड्याला उलट पाणी सोडायला लावतं. म्हणून नुसतं मिठाचं पाणी पाजून भागत नाही. पण पेशींवर एसजीएलटी-1 नावाचा एक वाहक असतो. ग्लुकोजचा, म्हणजे ओआरएसमधल्या साखरेचा, एक रेणू आत घेताना तो सोडियमचे (मिठातल्या घटकाचे) दोन आयन सोबत घेतो, आणि त्यांच्यामागे पाणी जातं. रोटाव्हायरसमध्ये आतड्याचा काही भागच बिघडतो. उरलेल्या भागात हे काम चालू राहतं, त्यामुळे बहुतेक मुलं ओआरएसवर सावरतात.

मात्र ग्लुकोज बेताचंच हवं. एक लिटर ओआरएसमध्ये ते 13.5 ग्रॅम असतं आणि मीठ 2.6 ग्रॅम. जास्तीची साखर शोषली गेली नाही की आतड्यातच राहून पाणी ओढते. मी नाशिकला बालरोग विभागात काम करते. हे जुलाब थंडीत वाढतात, आणि तेव्हाच घरोघरी द्राक्षं आलेली असतात. ताकद यावी म्हणून प्रेमाने रस पाजला जातो. लिटरभर द्राक्षरसात साखर दीडशे ग्रॅमच्या आसपास आणि सोडियम जवळजवळ नाही. कृपा करून तो देऊ नका, कोल्ड्रिंकही नको.

तांदळाची पेज किंचित मीठ घालून जरूर द्या. तिच्यातल्या स्टार्चमधून ग्लुकोज हळूहळू सुटतं, पाणी ओढलं जात नाही. अंगावर पीत असेल तर तेही चालू ठेवा. उपाशी ठेवू नका, आतड्याच्या नव्या पेशी घडायला अन्न लागतं.

ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच मिसळा, अर्धं पाकीट ग्लासभर पाण्यात नको. प्रत्येक पातळ शीनंतर 50 ते 100 मिली, चमच्याचमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा सुरू करा. झिंकची 20 मिलिग्रॅमची गोळी 14 दिवस, जुलाब थांबले तरी.

डोळे खोल गेले, लघवी थांबली, मूल मलूल पडलं, शीमध्ये रक्त दिसलं किंवा काहीच पोटात ठरत नसेल, तर सकाळची वाट न पाहता दवाखान्यात न्या.