कोकणात बस घेऊन निघणाऱ्या पोरीस

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला सहलीचा कागद दोनदा वाचला. सोसायटीची 42 माणसं, दोन मुक्काम, तीन दिवस. आणि त्यात परशुराम, गुहागर, वेळणेश्वर, हेदवी, जयगड, गणपतीपुळे, रत्नागिरी, पावस, वर मार्लेश्वर. तीस वर्षं मी याच रस्त्यांवर टुरिस्टची बस चालवली. एवढी ठिकाणं तीन दिवसांत होतात, पण ती बसच्या काचेतून होतात. रत्नागिरी, पावस आणि मार्लेश्वर काढून टाक. मार्लेश्वरला पायऱ्या खूप आहेत, तुझ्यासोबत आजी-आजोबा आहेत. रत्नागिरीतला थिबा राजवाडा 1910 सालचा, अजून भक्कम उभा आहे, पुढच्या खेपेला बघ.

उरलेल्याचा मेळ भरती-ओहोटीशी घालायचा. आमच्याकडे जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. पौर्णिमा किंवा अमावास्या उलटली की पुन्हा एकपासून मोजायचं. तू गुहागरला पोचतेस त्या दिवशी दशमी आहे. दहाची पाऊणपट साडेसात, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी साडेसातच्या सुमारास पूर्ण भरती, आणि दुपारी दीडला ओहोटी संपते. चार-पाच वाजता पाणी चढतं असेल. पाण्यात जायचं तर तेव्हा, तेही गुडघाभर. ओहोटीला पाणी आत ओढतं आणि पोहणारा माणूसही त्याला पुरत नाही. गणपतीपुळ्याला तर कुणालाच आत सोडू नकोस. तिथला किनारा दिसतो शांत, पण पायाखालची वाळू एकदम खचते. किनाऱ्यावरचे लोक शिट्टी मारतात तेव्हा आपली माणसं त्यांच्याशी वाद घालतात, हे मी फार वेळा पाहिलंय. तू तो वाद होऊ देऊ नकोस.

दुसऱ्या दिवशी एकादशी, म्हणजे सव्वाआठला भरती. म्हणून सकाळी सातच्या आत गुहागर सोडा आणि आधी हेदवीला बामणघळीवर जा. खडकातली ती अरुंद भेग भरतीच्या वेळीच बघायची. लाट आत शिरते आणि पाणी उंच उडतं. दुपारी गेलीस तर नुसती कोरडी फट दिसेल आणि लोक म्हणतील, एवढ्यासाठी आणलं? खडक शेवाळलेले असतात, मुलांचा हात धरायचा, भेगेच्या कडेला फोटो नाही. दशभुजा गणपतीचं दर्शन त्यानंतर निवांत.

तिथून तवसाळला फेरीबोट धरून जयगडला उतरलात की चिपळूणचा वळसा वाचतो. मात्र आदल्या दिवशी बसची लांबी सांगून विचारून घे. पाणी फार उतरलेलं असलं की उताराचा कोन बदलतो आणि लांब बसची शेपटी घासते. माझी एकदा घासली होती, पाठीमागचं बंपर तिथेच राहिलं. माणसांनी खाली उतरून चालत बोटीवर चढायचं, बस रिकामी चढू द्यायची.

आता घाटाचं. कुंभार्ली उतरताना ड्रायव्हर गाडी हळू घेतो म्हणून कुणी कुरकुर केली तर त्याला गप्प बसव. ज्या गिअरात घाट चढतो त्याच गिअरात उतरायचा, नाहीतर ब्रेक तापतात. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, म्हणून मध्ये मध्ये थांबावंही लागतं. ज्यांना गाडी लागते त्यांना पुढच्या सीटा दे. मागच्या चाकाच्या मागे झोके जास्त बसतात. पोट अगदी रिकामं नको आणि तुडुंबही नको, तोंडात आलेपाकाची वडी आणि डोळे लांबच्या रस्त्यावर, मोबाइलवर नाही. आणि बॅगा ‘संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग’ लिहिलंय तिथे रचू देऊ नकोस. निघण्याआधी तो दरवाजा स्वतः उघडून बघ.

बायकांच्या सोयीचं तू कागदात काहीच लिहिलं नाहीस. सहलीत बायका पाणी पीत नाहीत, का ते तुला सांगायला नको. दर दोन तासांनी कुठे थांबायचं ते आधीच ठरव आणि बसमध्ये माइकवर सांग, म्हणजे कुणाला संकोचाने विचारावं लागणार नाही. जेवणाचंही तसंच. घरगुती खानावळीत 42 पानं आयत्या वेळी मिळत नाहीत, सकाळीच आकडा कळव.

सगळ्यात मोठी गोष्ट ड्रायव्हरच्या झोपेची. बारा-तेरा वर्षांपूर्वी एका पार्टीने असाच भरगच्च कार्यक्रम आखला होता. शेवटच्या दिवशी अजून एक देऊळ, अजून एक देऊळ करत रात्रीचे दहा वाजले आणि मी नाही म्हणालो नाही. आदल्या रात्री लॉजवाल्याने ड्रायव्हरला खोली नाही म्हणून सांगितलेलं, मी डासांत गाडीतच पडलो होतो. कुंभार्ली चढताना डाव्या चाकाखाली खडी वाजली तेव्हा मला जाग आली. जाग आली, पोरी, म्हणजे मी झोपलो होतो. मागे 38 माणसं होती. कोयनानगरला गाडी बाजूला लावली आणि उजाडेपर्यंत हललो नाही. लोक चिडले, मालकाला फोन केले. चूक माझीच होती, पण ती दहा वाजता झाली होती, घाटात नाही.

आम्हां मोटार कामगारांसाठी 1961 सालचा कायदा होता, 2025मध्ये त्याच्या जागी नवी श्रमसंहिता आली. जुन्या कायद्यात होतं: दिवसाला 8 तास काम, आणि सलग 5 तास झाले की निदान अर्धा तास विसावा. तो विसावा कागदावरच राहू नये म्हणून तुझ्यासारखीने बघायचं. मुक्कामाच्या दोन्ही ठिकाणी ड्रायव्हर आणि क्लीनरला पंख्याची खोली सांग, पैसे बसभाड्यातच धर. जेवण त्यांना आधी वाढायला लाव, म्हणजे ते आधी झोपतात. तिसऱ्या दिवशी गणपतीपुळ्याहून सकाळी सहाला निघा आणि आंबा घाट उजेडात चढा. रात्रीची एसी हवा चालू ठेवायला सांगून गाडीत बसणारे तरुण असतात, त्यांना खोलीत पाठव.

पुढे पावसाळ्यात न्यायचं मनात आहे असं लिहिलंस. 2 ऑगस्ट 2016च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशांच्या वेळचा पूल पुरात गेला. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली, एसटीच्या दोन गाड्या त्यात गेल्या. त्या रस्त्याने मी किती रात्री गेलोय याची मोजदाद नाही. पावसात न्यायचंच तर फक्त दिवसा, आणि ड्रायव्हर थांबू म्हणाला तर त्याच्या बाजूने तू उभी राहा. दरड कोसळून घाट बंद असेल तर खोलीत पत्ते खेळा.

नवा कागद करून पाठव. दशमी-एकादशी मी माझ्या पंचांगात बघितलीय, तूही एकदा तुझ्या कॅलेंडरवर ताडून घे. आणि ड्रायव्हरचा नंबर मिळाला की मला दे, कुंभार्लीत सध्या कुठे काम चालू आहे ते मी त्याच्याशी बोलून घेतो.

तुझे
ड्रायव्हरकाका