इंग्लंडमधील अप्रेंटिसशिप आणि गणित-इंग्रजीची अट : एका पालकांच्या प्रश्नाला उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

आपल्या यजमानांना कॉव्हेंट्री येथे नोकरी मिळाली असून आपण सर्व जण लवकरच इकडे येणार आहात. मुलाला नुकतीच सतरा वर्षे पूर्ण झाली आहेत, त्याची दहावी मराठी माध्यमातून झाली आहे आणि सध्या तो सांगलीला आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा ट्रेड करत आहे. इकडे आल्याबरोबर त्याला अप्रेंटिसशिप मिळेल का, आणि त्यासाठी लागणारी गणित व इंग्रजीची अट दहावीच्या गुणपत्रिकेवर भागेल का, असे आपण विचारले आहे. मी याच भागातील एका कारखान्यात देखभाल विभागात काम करतो आणि आमच्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांची ही धडपड जवळून पाहतो, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

गणित-इंग्रजीच्या आधी वास्तव्याची अट येते आणि तिची माहिती आपल्याकडे फारशी कोणाला नसते. अप्रेंटिसशिपच्या प्रशिक्षणाचा खर्च सरकारी योजनेतून होतो आणि त्यासाठी आपल्यासारख्या कुटुंबांतील व्यक्तीचे प्रशिक्षण सुरू होण्याआधी ब्रिटनमध्ये सलग तीन वर्षांचे वैध वास्तव्य झालेले असावे लागते. अवलंबितांच्या व्हिसावर नोकरी करता येते, परंतु त्यामुळे ही अट सुटत नाही. म्हणजे आपल्या मुलाची अप्रेंटिसशिप वयाच्या विसाव्या वर्षाच्या सुमारास सुरू होऊ शकेल, असेच धरून चालावे. त्याच्या व्हिसाचा पहिला अर्ज मात्र अठरा पूर्ण होण्याच्या आत व्हायलाच हवा, कारण त्यानंतर मूल म्हणून अवलंबितांत त्याचा नव्याने समावेश होत नाही. आयटीआय पूर्ण होण्याची वाट पाहत ही तारीख हातची घालवू नये.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. इंग्लंडमध्ये अप्रेंटिसशिपच्या पायऱ्या लेव्हल २ पासून लेव्हल ७ पर्यंत आहेत आणि इलेक्ट्रिशियनची अप्रेंटिसशिप लेव्हल ३ ची असून ती साधारण साडेतीन ते चार वर्षे चालते. लेव्हल ३ किंवा त्यावरील प्रशिक्षणात गणित व इंग्रजी हे दोन्ही विषय लेव्हल २ पर्यंत पूर्ण केल्याशिवाय अंतिम मूल्यमापनाला बसता येत नाही, असा नियम अनेक वर्षे सर्वांना लागू होता. लेव्हल २ म्हणजे शाळेतील जीसीएसई परीक्षेत श्रेणी ४ किंवा त्याहून वरची, अथवा फंक्शनल स्किल्स नावाच्या परीक्षेची त्याच पातळीची उत्तीर्णता. कामात तरबेज असलेली मुले केवळ या दोन विषयांमुळे शेवटच्या टप्प्यावर अडकून पडत. फेब्रुवारी २०२५ मध्ये सरकारने हा नियम सैल केला. प्रशिक्षण सुरू होताना ज्याचे वय १९ किंवा त्याहून अधिक आहे, त्याच्यासाठी ही अट ठेवायची की नाही हे आता त्याच्या मालकाने ठरवायचे आहे. सोळा ते अठरा वर्षांच्या मुलांना मात्र ती आजही बंधनकारक आहे.

आपला मुलगा वेळ आल्यावर विशीत असेल, तेव्हा कागदोपत्री त्याला ही सवलत लागू होईल. तरीही या सवलतीवर विसंबून राहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सक्ती उठली ती प्रशिक्षण पूर्ण करण्यासाठीची. अर्ज मागवताना मालक काय मागणार, यावर कोणाचे बंधन नाही, आणि चांगल्या कंपन्यांच्या विद्युत व अभियांत्रिकीच्या जाहिरातींत गणित व इंग्रजीची श्रेणी ४ आजही नेमाने मागितली जाते. एका जागेसाठी भरपूर अर्ज येतात आणि चाळणी लावायला ही अट सोयीची असते.

दहावीच्या गुणपत्रिकेचे म्हणाल, तर परदेशी प्रमाणपत्रांची इकडच्या पातळीशी तुलना यूके एनिक ही संस्था शुल्क घेऊन करून देते. गणितासाठी या दाखल्याचा उपयोग होण्यासारखा आहे आणि बीजगणित-भूमिती करून आलेल्या मुलाला इकडचे गणित जड जात नाही. अडचण इंग्रजीची आहे. मराठी माध्यमाच्या गुणपत्रिकेत इंग्रजी ही प्रथम भाषा म्हणून नोंदलेली नसते, त्यामुळे ती येथील इंग्रजीच्या तोडीची धरली जाणार नाही असे समजूनच तयारी करावी. धरली गेली तर उत्तमच.

फंक्शनल स्किल्सचे स्वरूप थोडे उलगडून सांगतो. गणिताच्या परीक्षेत २५ टक्के गुणांचा भाग कॅल्क्युलेटरविना असतो व उरलेल्या भागात तो वापरता येतो. एकूण गुणांपैकी ७५ टक्के गुण व्यवहारातील उदाहरणांना असतात. एक नमुना मीच रचून देतो. १२ मीटर लांब, ७.५ मीटर रुंद आणि २.५ मीटर उंच अशा सभागृहाच्या चार भिंतींना रंगाचे दोन हात द्यायचे आहेत, दारे-खिडक्या १०.५ चौरस मीटर आहेत, एक लिटर रंग १२ चौरस मीटरला पुरतो, पाच लिटरचा डबा २८ पौंडांना मिळतो आणि दुकानात १५ टक्के सूट आहे, तर खर्च किती? भिंतींचे ९७.५ चौरस मीटर, त्यातून १०.५ वजा जाता ८७, दोन हातांचे १७४, म्हणजे साडेचौदा लिटर; दुकानात रंग सुटा मिळत नाही म्हणून तीन डबे, ८४ पौंड, आणि सूट जाऊन ७१.४० पौंड. यात सातवी-आठवीच्या पलीकडचे काही नाही. परंतु हे सगळे इंग्रजी परिच्छेदात दडलेले असते आणि आपली मुले आकडे दिसताच सूत्र शोधू लागतात. मैल, पिंट, पौंड या जुन्या मापांचे रूपांतरही विचारतात, मात्र त्याचे प्रमाण प्रश्नात दिलेले असते.

इंग्रजीचे तीन भाग असतात : वाचन, लेखन आणि संभाषण. संभाषणात छोटे सादरीकरण व गटचर्चा असते आणि ते संस्थेतच घेतले जाते. आपल्या मुलांचा कस लागतो तो लेखनात, कारण तेथे शब्दकोश किंवा शुद्धलेखन तपासणारी संगणकीय सोय वापरता येत नाही आणि शुद्धलेखन, विरामचिन्हे व व्याकरण यांना चांगलेच वजन असते. नगरपालिकेला तक्रारीचा ईमेल, वरिष्ठांना अपघाताचा अहवाल, असे विषय येतात. शाळेत घोटून घेतलेले ‘रिस्पेक्टेड सर, आय बेग टु स्टेट’ येथे कामाचे नाही. काय घडले, केव्हा घडले आणि आपल्याला काय हवे, हे सरळ लिहिता यायला हवे. ही सवय आतापासून लावता येईल : आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये दिवसभरात केलेल्या कामाची दहा ओळींची नोंद त्याने रोज इंग्रजीत, हाताने, मोबाइलच्या मदतीशिवाय लिहावी.

तीन वर्षे त्याने करायचे काय, हा प्रश्न उरतो. पालकांबरोबर वैध व्हिसावर आलेल्या अठरा वर्षांखालील मुलाला स्थानिक कॉलेजात सरकारी खर्चाने शिकता येते, आणि मुळात अठराव्या वर्षापर्यंत शिक्षणात किंवा प्रशिक्षणात राहणे इंग्लंडमध्ये बंधनकारकच आहे. ज्यांच्याकडे गणित-इंग्रजीची श्रेणी ४ नाही त्यांना कॉलेजने हे दोन विषय शिकवलेच पाहिजेत, अशी सरकारी निधीची अट आहे. त्यामुळे विद्युत विषयाचा पूर्णवेळ कोर्स आणि सोबत हे दोन विषय, अशी सोय विनाशुल्क होते. शक्य झाल्यास त्याने फंक्शनल स्किल्सऐवजी जीसीएसईच द्यावी, कारण नोकरी देणारे लोक त्या नावाला अधिक ओळखतात. येथील वर्ग सप्टेंबरात सुरू होतात, तेव्हा कॉलेजला जूनच्या आत ईमेल करून जागा विचारून ठेवावी.

आयटीआयचे शिक्षण वाया जाईल अशी भीती नको. त्या प्रमाणपत्रावर येथे इलेक्ट्रिशियन म्हणून थेट मान्यता मिळत नाही, परंतु अप्रेंटिसशिप सुरू करताना आधीचे ज्ञान विचारात घेऊन प्रशिक्षण तेवढे कमी करणे संस्थेवर बंधनकारक असते. म्हणून येताना दहावीची मूळ गुणपत्रिका व प्रमाणपत्र, आयटीआयच्या झालेल्या सत्रांचे निकाल, अभ्यासक्रमाची प्रत आणि शाळा सोडल्याचा दाखला सोबत घ्यावा. मराठीत असलेल्या कागदांचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर सांगलीतच करून घ्यावे. हे सर्व इंग्लंडपुरते आहे. पुढे यजमानांची बदली स्कॉटलंड किंवा वेल्सला झाली, तर तेथील नियम वेगळे आहेत आणि चौकशी नव्याने करावी लागेल.