वरातीमागून आलेलं घोडं

प्रश्न : माझा नववीतला मुलगा तीन महिने गिटारवर एकच तुकडा वाजवतोय. 'स्मोक ऑन द वॉटर' म्हणे. आता दूधवालासुद्धा तीच शिट्टी वाजवत जिना चढतो. हे गाणं आलं तेव्हा खरंच एवढं गाजलं होतं का? आणि त्यात आहे तरी काय? – एक आई, सांगली

उत्तर : ताई, तीन महिने म्हणजे काहीच नाही. माझ्या आईनं हा तुकडा दोन वर्षं ऐकला, तोही हार्मोनियमवर. गिटार घ्यायची ऐपत नव्हती आणि आजोबांची पेटी घरात होती. तुमच्याकडे पेटी असेल तर वाजवून बघा : सा ग म, सा ग म् म, सा ग म ग सा. गंधार कोमल, आणि दुसऱ्या ओळीतला पहिला मध्यम तीव्र. संपलं! सगळे मिळून चारच सूर. त्या तीव्र मध्यमावरून शुद्ध मध्यमावर उतरताना जी किंचित कळ येते ना, तिच्यापायी पोरं वेडी होतात.

आता गाजण्याचं. आलं तेव्हा नाही गाजलं. डीप पर्पल या इंग्लिश बँडचा 'मशीन हेड' अल्बम मार्च १९७२मध्ये आला. त्यातलं एक गाणं सुटं काढून छोट्या तबकडीवर द्यायचं, म्हणजे सिंगल काढायचं, तर मंडळींनी निवडलं 'नेव्हर बिफोर'. ते ब्रिटनच्या यादीत ३५व्या क्रमांकापर्यंत रखडत गेलं. तुमच्या मुलाचं गाणं अल्बममध्येच पडून राहिलं. साडेपाच मिनिटांहून मोठं गाणं रेडिओवर कोण लावणार, असा तेव्हाचा हिशेब.

त्याची जन्मकथाही अशीच अपघाती आहे. डिसेंबर १९७१मध्ये हे पाच जण अल्बम ध्वनिमुद्रित करायला स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोला गेले. तिथल्या कॅसिनोत काम करायचं ठरलं होतं. त्याआधी तिथे अमेरिकन संगीतकार फ्रँक झॅपाचा कार्यक्रम होता, त्यात प्रेक्षकांतल्या कुणीतरी फ्लेअर गन, म्हणजे इशाऱ्याचा जळता गोळा सोडणारं पिस्तूल झाडलं आणि अख्खा कॅसिनो जळाला. माणसं वाचली, पोरांना बाहेर काढायला धावलेला तिथल्या जॅझ महोत्सवाचा आयोजक क्लोद नोब्स तर गाण्यातही आलाय. धूर शेजारच्या जिनिव्हा सरोवरावर पसरला. पुढे एका सकाळी बासवाला रॉजर ग्लोव्हर झोपेतून उठताना तेच शब्द पुटपुटला : 'स्मोक ऑन द वॉटर', पाण्यावरचा धूर.

तो तुकडा मात्र दुसऱ्या एका हॉलमध्ये वाजवला गेला. शेजाऱ्यांनी आवाजाची तक्रार केली, पोलीस आले आणि मंडळींना गाशा गुंडाळावा लागला. (तुमच्या शेजाऱ्यांना हे सांगू नका.) शेवटी हिवाळ्यासाठी बंद असलेल्या ग्रँड हॉटेलच्या बोळात गाद्या उभ्या करून उरलेलं काम झालं. ध्वनिमुद्रणाची गाडी बाहेर उभी. वाजवलेलं ऐकायला खोल्या आणि बाल्कन्या ओलांडत जावं लागायचं, म्हणून यांनी ऐकायला जाणंच सोडलं!

मग ऑगस्ट १९७२मध्ये जपानचा दौरा झाला. तिथल्या मैफलींचा अल्बम निघाला आणि अमेरिकेतल्या कंपनीला जाग आली. मे १९७३मध्ये सिंगल निघालं : एका बाजूला कापून छोटं केलेलं मूळ गाणं, दुसऱ्या बाजूला जपानमधलं. जुलैअखेर ते अमेरिकेतल्या बिलबोर्ड मासिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत चौथ्या क्रमांकावर पोचलं. आणि गंमत बघा, गायक इयन गिलन आणि तो शब्द पुटपुटणारा ग्लोव्हर जूनअखेरीलाच बँड सोडून गेले होते. ब्रिटनमध्ये तर ते सिंगल म्हणून १९७७मध्ये आलं, २१व्या क्रमांकापर्यंत गेलं. बँड १९७६मध्येच मोडलेला! वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. माझं मत विचाराल तर 'नेव्हर बिफोर' वाईट नाही, पण ते गुणगुणत जिना कुणी चढणार नाही.

ते पुन्हा एकत्र आले ते वेगळं. १९९५मध्ये मुंबईत आले, तेव्हा मी कर्ज काढून नाही, पण बायकोचे दिवाळीचे पैसे काढून गेलो होतो. तुकडा सुरू झाला आणि शेजारचे एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ चक्क 'सा ग म' करत टाळ्या वाजवायला लागले. पेटीवाले आम्ही एकटेच नव्हतो तर!

आता मुलासाठी एक काम. तो बहुतेक पिकनं, म्हणजे तारा छेडायच्या चकतीनं, जाडजूड पॉवर कॉर्ड (षड्ज-पंचमासारखे सूर एकदम) धरून वाजवत असेल. क्लासमध्ये तसंच शिकवतात. मूळ गाण्यात वाजवणारा बँडचा गिटारवाला रिची ब्लॅकमोर या तुकड्याला पिक वापरत नाही. तो दोन तारा एकदम बोटांनी खेचतो, आणि प्रत्येक सुराखाली चौथ्या अंतरावरचा सूर धरतो. म्हणजे षड्जाखाली पंचम, कोमल गंधाराखाली कोमल निषाद. शिवाय मूळ गाण्यात त्याला जोडून बँडच्या जॉन लॉर्डचा हॅमंड ऑर्गन, म्हणजे विजेवरची मोठी पेटी, तेच वाजवतो, गिटारच्या अँप्लिफायरमधून करकरत. त्याला बोटांनी वाजवायला सांगा. आवाज निम्मा होईल, आणि तुम्ही पेटीवर बसलात तर ऑर्गनचीही सोय झाली.