भाऊबंद, सोयरे आणि मानलेलं नातं यात फरक काय?

भाऊबंद, सोयरे अन् मानलेला भाऊ यात फरक काय असं विचारलं तुम्ही, तर एकाच कुळाचे ते भाऊबंद, लग्नानं जोडले गेले ते सोयरे (मामा, इवाई, जावई, साळे) अन् मनानं धरला तो मानलेला. गावात लग्नाच्या पत्रिका वाटायची यादी मीच लिहितो म्हणून सांगतो, आमच्या वऱ्हाडात हे दोन गोष्टींवरून लगेच कळते, सुतक अन् सोयरीक. दहा दिवसांचं सुतक भाऊबंदाला लागते, सोयऱ्याला तेवढं नाही, अन् भाऊबंदात लग्न होत नाही पण मामाची पोरगी बऱ्याच समाजात चालते. मानलेलं नातं लोक हलकं धरतात, मला ते बिलकुल पटत नाही, पेरणीत ओल निघून चालली असते तेव्हा सावडीतला (एकमेकाच्या वावरात आळीपाळीनं काम करणारा) शेजारीच आपली बैलजोडी घेऊन येते अन् रात्री दवाखान्यात न्यायला गाडी बी आधी तोच काढते, भाऊबंद तवा धुऱ्याच्या (बांधाच्या) भांडणापायी बोलतही नसतात.

फक्त एक लक्षात ठेवा, कायदा हे मानत नाही. हिंदू वारसा कायदा 1956 चा, त्यात मानलेल्या भावाला हिस्सा नाही, द्यायचाच असेल तर मृत्युपत्र करा. अन् लेक लग्न होऊन गेली की गाव तिला पाहुणी समजते, पण 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित वावरात तिचा हिस्सा भावाएवढाच आहे.