राणीच्या बागेत पुन्हा जा

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी हसू आलं, मग जरा रागही आला. "बाई, राणीची बाग दीड तासात झाली. म्युझियममध्ये प्राणी-पक्षी काहीच नाहीत, नुसत्या मातीच्या बाहुल्या." दीड तासात बाग होत नाही गं. त्यातला पाऊण तास पेंग्विनच्या रांगेत गेला असणार, ते न सांगताही कळलं.

पुन्हा जा. बुधवारी नको, बाग आणि तिच्यालगतचं भाऊ दाजी लाड संग्रहालय दोन्ही बंद असतात. भायखळ्याला पूर्वेला उतरून चालत जा, सकाळी लवकर. सोबत दहापट मोठं दाखवणारं भिंग, पेन्सिल आणि वही. शाईचं पेन नको. पाण्याचा एक थेंब पडला की लिहिलेलं सगळं पसरतं. झाडावरचं काही तोडायचं नाही, खाली पडलेलं उचल. पिंजऱ्यांकडे फिरकलीच नाहीस तरी चालेल.

एका फेरीत तीन झाडं पुरे. या दिवसांत सीता अशोक फुलायला लागतो, त्यापासून सुरुवात कर. सोसायट्यांच्या कुंपणाला सरळसोट उभा असतो तो हा नव्हे. त्या आसुपालवाचं पान साधं, कडेला लाटा असलेलं. सीता अशोकाचं पान संयुक्त, म्हणजे एकाच पानाच्या अनेक पर्णिका. आता तू विचारशील, ही पर्णिका की अख्खं पान, ओळखायचं कसं? बगलेत बघ. पान फांदीला जिथे चिकटतं तिथे बारीक कळी असते. पर्णिकेच्या बुडाशी ती कधीच नसते. एवढी एक गोष्ट हाताला लागली की अर्धी बाग तुझ्याशी बोलायला लागते.

मग फूल. दुसऱ्या वर्षाला असताना मी वहीत ठसक्यात लिहिलं होतं : "निदलं दोन, पाकळ्या चार, केशरी." निदलं म्हणजे पाकळ्यांच्या बाहेरचं आवरण. आमच्या सरांनी त्याभोवती लाल गोल काढला आणि काही न बोलता वही परत दिली. दोन दिवस मी पुस्तकं उलटीपालटी केली. शेवटी पडलेलं फूल भिंगाखाली धरलं तेव्हा उजेड पडला. सीता अशोकाला पाकळ्याच नसतात! ज्यांना आपण पाकळ्या म्हणतो तीच चार निदलं, खाली एका नळीत जोडलेली. आणि मी ज्यांना निदलं समजले होते त्या देठावरच्या दोन रंगीत छदिका, म्हणजे फुलाखालची इवलीशी पानं. रंग दिसला की डोळा 'पाकळी' म्हणून मोकळा होतो, नळी कुठे सुरू होते ते बघतच नाही. तू नळीपासून वर बघत जा.

दुसरी उर्वशी. मूळची ब्रह्मदेशातली. तांबड्या फुलांचे लांब झुपके खाली लोंबतात, वरच्या पाकळीवर पिवळा ठिपका. हिला पाकळ्या आहेत, खात्री करून घे. तिची कोवळी पालवी तांबूस आणि मलूल लटकलेली असते, ओला रुमाल वाळत घातल्यासारखी. सीता अशोकाचीही तशीच. दोघी एकाच शेंगावाल्या कुळातल्या. तिसरा कैलासपती, फुलं थेट खोडावर. मधली पिंड आणि वरचा फणा पाहून लोक हात जोडतात, जोडोत बापडे; पण झाड आलंय दक्षिण अमेरिकेतून. फणा म्हणजे पुंकेसरांचाच पट्टा. पिंडीभोवतीचे केसर आणि फण्यातले केसर सारखे आहेत का, ते भिंगातून बघून लिही.

आता तुझ्या बाहुल्या. या संग्रहालयाच्या सुरुवातीच्या लांबलचक नावात निसर्गेतिहास हा शब्द पहिला होता. १८५७च्या धामधुमीत लष्कराला जागा हवी म्हणून तो जुना संग्रह घाईघाईत हलवला गेला आणि त्याची नासधूस झाली. उरलंसुरलं जॉर्ज बर्डवुड या डॉक्टरने सांभाळलं, त्याला वनस्पतींचंही वेड होतं. बाग १८६२ साली खुली झाली, ही इमारत १८७२ साली. इथेच १५ सप्टेंबर १८८३ रोजी आठ जण जमले आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. त्यांत आत्माराम पांडुरंग आणि सखाराम अर्जुन हे दोघे आपले डॉक्टर होते. तुला हवे ते पेंढा भरलेले पक्षी काळ्या घोड्याजवळच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. तिथला निसर्गविभाग या सोसायटीच्याच संग्रहातून उभा राहिला. तो एखाद्या रविवारी बघ, पण बागेसोबत एकाच दिवशी उरकू नकोस.

भायखळ्याच्या इमारतीला १९७५ साली ज्यांचं नाव दिलं ते भाऊ दाजी लाड मूळचे गोव्यातल्या मांद्र्याचे. ग्रँट मेडिकलच्या पहिल्या तुकडीतले डॉक्टर आणि संस्कृतचे पंडित. कुष्ठरोगावर ते कडूकवठाच्या बियांचं तेल वापरून बघत होते. म्हणजे झाड आणि दवाखाना त्यांच्या लेखी वेगळे नव्हते. म्हणून तुला सांगते, बागेतून थेट आत जा आणि काचेमागच्या प्रत्येक वस्तूला एकच विचार : तू कुठल्या झाडाची, कुठल्या प्राण्याची, कुठल्या मातीची? चंदन, हस्तिदंत, शिंग, लाख. मातीच्या बाहुल्यांच्या हातात काय अवजार आहे आणि त्याचा दांडा कशाचा असेल? उत्तर पाटीवर नसलं तर प्रश्न वहीत लिही. बाहेर घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे. विलायतेला न्यायच्या खटपटीत तो तुटला, मग जोडून इथे ठेवला. त्याचा दगड कोणता, हे मी सांगणार नाही.

वही घेऊन ये. आणि उर्वशीचं ताजं पडलेलं फूल सापडलं तर डब्यात ओला रुमाल घालून आण. माझ्या गुडघ्यांना आता भायखळ्याचा जिना झेपत नाही.

तुझी,
बाई