बायपोलर : नामवंतांचा आजार, वाचकांचे प्रश्न

एखाद्या गायकाने किंवा अभिनेत्रीने ‘मला बायपोलर आहे’ असं जाहीर सांगितलं की पुढचे काही आठवडे मला येणाऱ्या पत्रांचा ओघ वाढतो. डिसेंबर २०२४ मध्ये हनी सिंगवरचा माहितीपट आला तेव्हाही तसंच झालं. लोक या आजाराबद्दल विचारू लागलेत याचा मला मनापासून आनंद आहे. पण पत्रांमधला गोंधळ वर्षानुवर्षं तोच आहे, म्हणून त्यातले काही प्रश्न आज एकत्र घेते. नावं गाळली आहेत, गावं तेवढी ठेवली आहेत.

प्रश्न : बायपोलर म्हणजे एकाच माणसात दोन माणसं असणं का? माझी जाऊ सकाळी हसतमुख आणि संध्याकाळी चिडलेली असते. तिला हा आजार असेल का? (सोलापूर)

दोन्हींचं उत्तर ‘नाही’. बायपोलर हा मनःस्थितीचा आजार आहे : त्यात माणूस कधी उन्मादात, म्हणजे अतिउत्साहाच्या भरात असतो, तर कधी खोल नैराश्यात. उन्मादाची, म्हणजे मॅनियाची, अवस्था किमान आठवडाभर टिकते, सौम्य असेल तरी चार दिवस. नैराश्याची किमान दोन आठवडे आणि पुष्कळदा महिनोन्‌महिने. संध्याकाळी चिडणाऱ्या बाईला दिवसभरात किती कामं पडतात ते आधी बघा.

प्रश्न : व्हॉट्सॲपवर बायपोलर असलेल्या पन्नास थोरांची यादी आली आहे. त्यात चित्रकार व्हॅन गॉग आहे, दीपिका पदुकोण आहे आणि आपल्याकडचे एक मोठे नेतेही आहेत. हे खरं आहे का? (अमरावती)

ज्यांनी स्वतः सांगितलं तेवढ्यांचंच खरं धरा. हनी सिंगने २०१६ मध्ये सांगितलं. हॉलिवूडची अभिनेत्री कॅथरिन झीटा-जोन्सने २०११ मध्ये, अमेरिकन गायिका मराया कॅरीने २०१८ मध्ये आणि सेलेना गोमेझने २०२० मध्ये. ब्रिटिश अभिनेते स्टीफन फ्राय यांनी २००६ मध्ये बीबीसीवर स्वतःच्या आजारावर दोन भागांचा माहितीपटच केला. ‘स्टार वॉर्स’मधली कॅरी फिशर २०१६ मध्ये वारली, तोपर्यंत ती याबद्दल आडपडदा न ठेवता बोलत राहिली. दीपिका पदुकोणने २०१५ मध्ये सांगितलं ते नैराश्याबद्दल. तो वेगळा आजार आहे, त्याचे उपचारही वेगळे. व्हॅन गॉगचा वाढदिवस, ३० मार्च, हा जागतिक बायपोलर दिन म्हणून पाळतात, पण त्याला नेमकं काय झालं होतं यावर तज्ज्ञांचं आजही एकमत नाही.

राहता राहिले नेते. मी त्यांना तपासलेलं नाही आणि तपासलं असतं तरी तुम्हाला सांगितलं नसतं. १९६४ मध्ये अमेरिकेत ‘फॅक्ट’ नावाच्या मासिकाने बारा हजारांवर मनोविकारतज्ज्ञांना पत्रं धाडून विचारलं की, निवडणुकीतले उमेदवार बॅरी गोल्डवॉटर मानसिकदृष्ट्या राष्ट्राध्यक्ष व्हायला लायक आहेत का? २,४१७ जणांनी उत्तर दिलं आणि त्यातल्या १,१८९ जणांनी माणसाला न भेटता ‘लायक नाही’ म्हणून टाकलं. गोल्डवॉटर कोर्टात गेले आणि जिंकले. पुढे १९७३ मध्ये तिथल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने नियमच केला : न तपासलेल्या माणसाचं निदान जाहीरपणे करायचं नाही. आपल्याकडच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसारही मानसोपचार केंद्रात उपचार घेणाऱ्याचा फोटो किंवा माहिती त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही. ती यादी पुढे पाठवू नका.

प्रश्न : माझी सोळा वर्षांची मुलगी सेलेना गोमेझची चाहती आहे. इन्स्टाग्रामवर सात प्रश्नांची चाचणी देऊन ‘मी बायपोलर आहे’ म्हणते. चाचणीखाली २,९९९ रुपयांचा ‘मूड रीसेट’ कोर्स आहे, तो घेऊन द्यावा का? (पुणे)

एक रुपयाही देऊ नका. सात प्रश्नांवर हे निदान होत नाही. आम्हाला त्यासाठी तास-दीड तास लागतो, घरच्यांशी बोलावं लागतं, थायरॉइड तपासावं लागतं, आणि तरीही कधी कधी काही महिने वाट पाहावी लागते. चाचणी देणाऱ्या बहुतेकांना ‘शक्यता दाट आहे’ असं सांगायचं आणि खाली कोर्स विकायचा, हा सरळ धंदा आहे.

पण मुलीला हसूही नका. ती काहीतरी सांगू पाहते आहे. झोप, भूक, अभ्यास, मैत्रिणी यात गेल्या दोन-तीन महिन्यांत काय बदललं ते शांतपणे विचारा. स्वतःला इजा करावीशी वाटते का, हेही स्पष्ट विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. मग मुलांच्या मनोविकारतज्ज्ञांना एकदा भेटा.

प्रश्न : मुलगा २१ वर्षांचा, इंजिनिअरिंगला. गेल्या वर्षी चार महिने अंथरुणातून उठत नव्हता, तेव्हा फॅमिली डॉक्टरांनी नैराश्याची गोळी सुरू केली. आता दहा दिवस झाले, दोन-तीन तास झोपतो तरी टवटवीत. मित्रांकडून उसने पैसे घेऊन रेकॉर्डिंगचं सामान मागवलं, ‘हनी सिंगसारखा होणार’ म्हणतो. सासूबाई म्हणतात बाहेरचं आहे. परीक्षा महिन्यावर आली आहे, ती झाली की दाखवू असं ठरवलंय. (नाशिक)

ताई, हे छापून येईपर्यंत थांबण्यासारखं नव्हतं म्हणून तुम्हाला आधीच कळवलं आहे. इतरांसाठी इथे लिहिते : परीक्षेची वाट पाहू नका. आज दाखवा.

झोप कमी होऊनही थकवा नाही, हे मॅनियाचं सगळ्यात बोलकं लक्षण. त्याच्या मागे गेल्या वर्षीचं नैराश्य आहे. बायपोलर असलेल्याला नुसती नैराश्याची गोळी दिली तर ती त्याला मॅनियात ढकलू शकते, म्हणून ती गोळी अजून चालू आहे का, हे डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा. जुनी चिठ्ठी बरोबर न्या. तोवर पैशांचे व्यवहार आणि बाइकची किल्ली आपल्या ताब्यात ठेवा. त्याच्याशी वाद घालू नका, ‘झोप लागत नाही, तेवढं दाखवून येऊ’ म्हणा. परीक्षा पुन्हा देता येते.

दिरंगाईची किंमत नामवंतांनीही मोजली आहे. मराया कॅरीला २००१ मध्येच निदान सांगितलं होतं. तिने ते मानायलाच नकार दिला, आणि कोणीतरी उघड करेल या धास्तीत वर्षं काढली. फ्राय १९९५ मध्ये लंडनमधलं चालू नाटक सोडून कोणालाही न सांगता बेल्जियमला निघून गेले, त्यानंतर निदान झालं. तेव्हा ते सदतीस वर्षांचे होते आणि चिन्हं तर शाळेपासून दिसत होती. आपल्याकडे २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बायपोलरच्या दहापैकी सुमारे सात रुग्णांपर्यंत उपचार पोचलेच नव्हते असं दिसलं.

सासूबाईंना देवदर्शन करायचं असेल तर जरूर करू द्या, डॉक्टरांकडे जाऊन आल्यावर. अंगारा लावा, पण मुलाला बांधून किंवा उपाशी ठेवणाऱ्या कुणाच्या दारात नेऊ नका. जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभाग असतो. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे सरकारी मनोरुग्णालयं आहेत, गोव्यात बांबोळीला संस्था आहे. कुठे जायचं हेच कळत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, रात्री-अपरात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं.

प्रश्न : मी गाण्याचे क्लास घेते. बायपोलरसाठी पाच वर्षं लिथियमची गोळी चालू आहे, चार वर्षांत आजार उलटला नाही. पण गाताना पूर्वीची झिंग येत नाही, आवाजही जड वाटतो. मोठे कलावंत या आजारामुळेच मोठे झाले असं सगळीकडे वाचते. एक जण ‘लिथियम सोडवून मुळापासून बरं करतो’ म्हणून तीन महिन्यांची पावडर देतात. हळूहळू गोळी बंद करू का? (कोल्हापूर)

नाही. आणि याबद्दल मी जरा सविस्तर बोलणार आहे, कारण माझ्याकडे पुन्हा आजारी पडून येणाऱ्यांमध्ये ‘बरं वाटत होतं म्हणून गोळी सोडली’ असं सांगणारेच जास्त असतात.

आजार चार वर्षं उलटला नाही, तो गोळी चालू आहे म्हणून. लिथियम एकाएकी थांबवलं की उन्माद काही आठवड्यांतही परत येऊ शकतो आणि जिवाला असलेला धोका वाढतो. या आजारात आत्महत्येचा धोका कमी करण्याबाबत लिथियमइतका भक्कम पुरावा दुसऱ्या क्वचितच औषधाचा आहे. १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी उन्मादावर त्याचा गुण येतो हे दाखवलं. इतक्या वर्षांत कितीतरी महागडी औषधं आली, पण ही थोडक्या पैशांत मिळणारी गोळी अजून मागे हटलेली नाही.

कलावंतांबद्दल वाचलं असेल तर के रेडफिल्ड जेमिसन यांच्याबद्दलही वाचा. त्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात शिकवणाऱ्या मानसशास्त्रज्ञ, याच आजाराच्या जगन्मान्य अभ्यासक आणि स्वतः रुग्ण. कलावंत आणि बायपोलर यांच्या नात्यावर त्यांनी मोठं काम केलं आहे. १९९५ मध्ये त्यांनी आत्मकथन लिहून सगळं उघड केलं. त्यात त्यांनी प्रांजळपणे सांगितलं आहे की त्यांनाही ती झिंग हवी होती, त्यांनीही लिथियम घ्यायची टाळाटाळ केली, सोडलं, पुन्हा आजारी पडल्या आणि एकदा जिवावर बेतलं. ज्यांना या औषधाचं सगळं शास्त्र ठाऊक होतं त्यांचं हे झालं. पण त्यांच्या गोष्टीतला पुढचा भाग तुमच्या कामाचा आहे. जास्त डोसमुळे त्यांचं वाचन जवळजवळ बंद पडलं होतं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली डोस कमी केल्यावर ते परत आलं. तुमची तक्रार खरी असू शकते, पण तिच्यावर डोसचा उपाय आहे. गोळी सोडण्याची गरज नाही.

आजारात कला फुलते म्हणतात, तर हनी सिंगकडे बघा. आजार जोरात होता तेव्हा तो स्टेजवर नव्हता, दीड वर्षाच्या आसपास घरात होता. उपचारांनंतर तो गाण्याकडे परतला.

आता तुमच्या जड आवाजाचं. लिथियमने काहींचं थायरॉइड मंदावतं. मग आवाज घोगरा होतो, अंगात सुस्ती येते, मन मठ्ठ वाटतं. म्हणजे तुम्ही ज्याला झिंग गेली म्हणता ते थायरॉइडही असू शकेल, आणि त्यावर सोपा उपचार आहे. शेवटची थायरॉइड आणि किडनीची तपासणी कधी झाली? ती दर सहा महिन्यांनी व्हायला हवी. रक्तातलं लिथियमही बघा. रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी, सकाळची गोळी घेण्याआधी रक्त द्यायचं. पुष्कळ जण सकाळची गोळी घेऊन लॅबमध्ये जातात, आकडा खोटाच वर दिसतो आणि घरात घबराट होते. साधारण ०.६ ते १.० ही पातळी ठीक मानतात. त्यात तुमच्यासाठी किती योग्य ते तुमचे डॉक्टर ठरवतील.

आणि हे आपल्याकडे कोणी सांगत नाही : शरीरातलं पाणी आणि मीठ कमी झालं की लिथियम रक्तात साठतं. निर्जळी एकादशी, नवरात्रातले बिनमिठाचे उपवास, मे महिन्याचं ऊन, वारीतली चाल, जुलाब-उलट्या, सगळं त्यात आलं. सांधेदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर घेतलेली आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकची गोळीही पातळी वर नेते. हात जोरात थरथरू लागले, झोक जाऊ लागला, जीभ जड झाली, उलट्या थांबेनात, तर त्या दिवशी पुढची गोळी न घेता थेट रुग्णालय गाठायचं.

त्या पावडरवाल्यांना एकच विचारा : पावडरीत काय काय आहे ते सही-शिक्क्यासह लिहून द्याल का? मी अनेकांना हे विचारायला लावलं आहे. एकानेही लिहून आणलेलं नाही. या आठवड्यात तुमच्या डॉक्टरांची वेळ घ्या आणि हे पत्र त्यांना दाखवा.

प्रश्न : आईला शॉक द्यायचा सल्ला मिळाला आहे. सिनेमात दाखवतात ते बघून भीती वाटते. (लातूर)

सिनेमातलं विसरा. भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय शॉक देण्यावर २०१७ च्या कायद्यानेच बंदी आहे. कॅरी फिशरने ही उपचारपद्धती घेतली आणि तिने फायदा झाल्याचं जगजाहीर सांगितलं. अलीकडच्या काही आठवणी पुसट होतात, बहुतेकांच्या त्या हळूहळू परत येतात. आई खात-पीत नसेल किंवा जीव द्यायचं बोलत असेल तर दिवस घालवू नका. शंका असेल तर दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घ्या, पण याच आठवड्यात.

प्रश्न : मी २७ वर्षांची, बँकेत आहे. बायपोलरसाठी व्हॅल्प्रोएटची गोळी चालू आहे. या स्टार मंडळींसारखं ऑफिसात सगळ्यांना सांगून टाकावं का? घरचे स्थळंही बघताहेत आणि ‘लग्नाआधी बोलू नको’ म्हणतात. (छत्रपती संभाजीनगर)

ऑफिसात सांगायची सक्ती नाही. त्यांच्या पाठीशी पैसा आणि वकील असतात. तुम्हाला उद्या त्याच शाखेत त्याच लोकांत बसायचं आहे. विश्वासाच्या एखाद्या वरिष्ठाला गरजेपुरतं सांगा.

लग्नाचं मात्र उलट. ठरण्याआधी मुलाला स्वतः सांगा आणि त्याला तुमच्या डॉक्टरांकडे घेऊन जा. लपवलेलं औषध सासरी पहिल्या महिन्यात सापडतं, किंवा सापडू नये म्हणून बंद होतं आणि मग आजार उलटतो. मुलांना होईल का, तर आई-वडिलांपैकी एकाला असेल तरी दहातल्या साधारण नऊ मुलांना होत नाही.

या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही विचारलेलीच नाही. व्हॅल्प्रोएटमुळे गर्भाच्या मेंदूला आणि मणक्याला इजा होण्याचा धोका मोठा आहे. तुमच्या वयाच्या मुलीला ते चालू असेल तर लग्न ठरायच्या आधीच डॉक्टरांशी औषध बदलण्याबद्दल बोला. स्वतः बंद करू नका.

प्रश्न : औषधं वेळेवर घेतो. शनिवारी दोन पेग चालतील का? (ठाणे)

नाही. दारूने झोप मोडते, औषधांशी तिचं जमत नाही आणि मूड घसरतो. हनी सिंगनेही दारूमुळे आपला आजार चिघळल्याचं सांगितलं आहे. खरोखर दोनच पेग असतील तर सोडणं जड जाणार नाही. जड जात असेल तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना खरा आकडा सांगा. आणि रोज घेत असाल तर एकदम थांबवण्याआधी त्यांना फोन करा, कारण त्यातून फिट येऊ शकते.